अकराव्या मजल्यावर बदकाची अंडी उबवतेय, जाणकारांनी मदत करा

रानजाई | २९ जून, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. मुक्काम ठाणे, कोलशेत, अकरावा मजला.

उरणच्या मावशीकडे खाकी कॅम्पबेल बदकं आहेत. अंडी रतीब लावल्यासारखी घालतात, पण रवणीवर, म्हणजे अंडी उबवायला, बसायचं नाव काढत नाहीत. मावशीची एकुलती खुडूक होणारी कोंबडी मे महिन्यात मुंगसाने नेली. माझी लेक सातवीत आहे. ती सुट्टीत तिकडून परतली ती हट्ट घेऊनच: पिल्लं आपण काढायची आणि मोठी झाली की मावशीला द्यायची. मावशी हसून म्हणाली, "नेतेस तर ने."

मग बारा अंड्यांचं उबवणी यंत्र ऑनलाइन मागवलं. झाकणात पंखा आहे, बाहेर तापमान आणि आर्द्रतेचे आकडे दिसतात. शुक्रवारी उरणहून दहा अंडी आणली. डब्यात लाकडाचा भुसा, त्यात अंडी निमुळतं टोक खाली करून, डबा मांडीवर. उरण लोकलने नेरूळ, तिथून ठाण्याची गाडी. शेजारच्या बाईंनी "आंबे का?" विचारलं. मी "हो" म्हटलं. रात्रभर अंडी तशीच स्वस्थ ठेवली आणि काल, शनिवारी दुपारी यंत्रात घातली. दहाचं मिळून वजन ६८४ ग्रॅम. (प्रत्येकाचं वेगळंही लिहून ठेवलंय.)

तापमान ३७.५ आणि दिवस २८, एवढं माहीत आहे. अडचणी अशा:

यंत्रातला आपोआप फिरणारा ट्रे कोंबडीच्या अंड्याच्या मापाचा आहे. बदकाचं अंडं त्यात बसतच नाही. आर्द्रता ५८ दाखवतेय, दोन्ही पन्हळी पाण्याने भरल्यात. बरोबर आहे का? आणि लाईट गेली तर?

---

शेरेबहाद्दर | २९ जून, रात्री १०:३२

२८ जून अधिक २८ दिवस म्हणजे २६ जुलै. गटारी २४ ला. दोन दिवसांनी हुकलं की हो!

---

रानजाई | २९ जून, रात्री १०:४०

शेरे, लेक हा धागा वाचतेय. तिने तुमचं नाव लिहून ठेवलंय.

---

खाडीकाठ | ३० जून, सकाळी ६:५५

आम्ही बेलापूरजवळच्या दिवाळे गावचे. आमच्याकडे यंत्रबिंत्र काही नव्हतं. बदकाची अंडी खुडूक कोंबडीच्याच पोटाखाली जायची. आजीचा हिशोब पक्का होता. आधी बदकाची अंडी मांडायची, सात दिवस गेले की त्यातच कोंबडीची सरकवायची. कोंबडीला २१ लागतात, बदकाला २८, सगळी एकाच वेळी फुटतात. बदकाची अंडी मोठी, कोंबडीला पायाने नीट फिरवता येत नाहीत, म्हणून आजी स्वतः रोज हात घालून फिरवायची. चोची खाऊन हात लालेलाल.

खरी गंमत पुढे असायची. पिल्लं आठ-दहा दिवसांची झाली की तळीत उतरायची आणि कोंबडी काठावरून गळा काढून ओरडत राहायची. तिच्या जिवाची जी घालमेल व्हायची ती बघवत नसे.

ट्रे काढून टाका, हाताने फिरवा. अंड्याच्या एका अंगाला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या अंगाला गोल. स्केचपेन नको, कवचातून शाई आत जाते. दिवसातून तीन किंवा पाच वेळा, म्हणजे विषम आकडा. रात्रीचा वेळ सगळ्यात लांब, तो रोज एकाच अंगावर जाऊ नये म्हणून.

---

ओहमचा_नियम | ३० जून, सकाळी ११:२०

घणसोलीहून लिहितोय. दोन वर्षांपूर्वी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, थर्मोस्टॅट आणि कॉम्प्युटरचा जुना पंखा बसवून कोंबडीची पिल्लं काढली होती. पहिली खेप पूर्ण वाया गेली, त्यातून शिकलो तेवढं सांगतो.

यंत्राच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. तापमान तपासायला घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर ठेवा. तो याच टप्प्यातलं तापमान मोजायला बनवलेला असतो. अर्ध्या अंशाचा फरक सापडला तर यंत्राला दोष द्या, थर्मामीटरला नाही. आणि एक लक्षात असू द्या, अंडं थोडा वेळ गार झालेलं सोसतं, तापलेलं सोसत नाही. तासभर ३४ वर गेलं तर पिल्लू उशिरा येईल. तासभर ४१ वर गेलं तर जीवही जाऊ शकतो.

आर्द्रतामापक तपासायला मिठाची चाचणी करा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मीठ विरघळता कामा नये. ते झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत आठ-दहा तास. आत ७५ टक्के व्हायलाच हवं. मापक किती दाखवतो ते बघा.

---

निळीशाई | ३० जून, दुपारी ३:०५

उत्साहावर पाणी ओतायचं नाही, पण विचारते. दहातली आठ निघाली तर ती फ्लॅटमध्ये किती दिवस ठेवणार? बदकं पाण्याशिवाय राहत नाहीत, आणि घाण कोंबडीच्या दुप्पट. आमच्या शेजारच्या मुलांनी जत्रेतून पिल्लं आणली होती. महिन्याने "तलावात सोडली, मजेत असतील" असं ऐकायला मिळालं. ती मजेत नसतात हो. पाळीव बदक उडून पळू शकत नाही, कुत्र्याच्या तोंडी लागतं. आणि जगलंच तर आपल्या हळदी-कुंकू या रानबदकांशी संकर होतो, तो वेगळाच घोळ.

---

रानजाई | ३० जून, दुपारी ४:१५

निळीशाई, प्रश्न योग्य आहे. उपवन किंवा तलावपाळीला सोडायचं मनातही नाही. तीन-चार आठवडे आमच्या बंद गॅलरीत, मग थेट उरण. मावशीकडे विहिरीलगत टाकी आहे, जाळी आहे. मुंगसासाठी ती आता वरूनही मारतेय.

---

रानजाई | ५ जुलै, रात्री ९:३०

सातवा दिवस. मिठाची चाचणी केली. ७५ च्या जागी मापक ६७ दाखवतोय! म्हणजे मी ५८ समजत होते तेव्हा आत ६६ होतं.

वजनही केलं. ६८४ चं ६६७ झालं. कमी झालं हे चांगलं की वाईट?

---

ओहमचा_नियम | ५ जुलै, रात्री १०:०५

कमी व्हायलाच हवं, पण तुमचं पुरेसं कमी झालेलं नाही. अंड्यातलं पाणी कवचाच्या छिद्रांतून उडत राहतं आणि रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढत जाते. शेवटी पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीतच घेतं. पंचविसाव्या दिवसापर्यंत साधारण १३ टक्के वजन जायला हवं. त्या हिशोबाने सात दिवसांत २५ ग्रॅम जायला हवे होते, तुमचे १७ गेलेत. असंच चाललं तर पोकळी लहान राहील आणि पिल्लू आतल्या पाण्यात गुदमरेल.

पन्हळी पूर्ण कोरड्या करा.

आता तुम्ही म्हणाल, बाहेर एवढा पाऊस, हवा ओलीचिंब, मग पन्हळी कोरड्या करून आतली आर्द्रता उतरेल कशी? उतरेल, कारण बाहेरचा आकडा आत तसाच राहत नाही. २८ अंशाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ मावते. बाहेर ८५ टक्के आर्द्रता म्हणजे त्यात २३ ग्रॅम आहे. तीच हवा यंत्रात ३७.५ अंशाला तापली की तिच्यात ४५ ग्रॅम मावू शकते. आहे तेवढंच २३. म्हणजे निम्म्याच्या जरा वर, ५१ टक्के. ठाण्याच्या पावसाळ्यात काही न करता तुम्हाला हवी तेवढी आर्द्रता फुकट मिळतेय. परदेशी व्हिडिओ बघून पन्हळी भरण्याचा उद्योग इथे जुलैत करायचा नाही. डिसेंबरात करा. तेव्हा हीच हवा आत जाऊन पंचवीस-तीस टक्क्यांवर येते.

---

खाडीकाठ | ६ जुलै, सकाळी ७:१०

ओहम, गणित भारी. माझी आजी एवढंच म्हणायची, पावसाची रवण शिंपडायची नाय. तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, "यंत्राला काय कललं, कोंबरीला इचार."

एक मात्र करा. आठव्या दिवसापासून रोज एकदा झाकण काढून अंडी दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या. बदकीण रोज उठून खायला, पाण्यावर जाते, तेवढा वेळ अंडी उघडीच असतात. ती ओल्या पिसांनी परत येते म्हणून लोक पाणीही शिंपडतात. या हवेत तुम्ही ते टाळा.

---

रानजाई | ६ जुलै, रात्री ११:४५

आज आषाढी. उपासाची साबुदाणा खिचडी खाऊन न्हाणीघरात अंधार केला आणि मोबाइलच्या टॉर्चवर अंडी धरली.

काय सांगू! पांढरं कवच आतून नारिंगी उजळतं. मधोमध काळा ठिपका आणि चहूकडे लाल तंतू, जणू कोळी जाळ्यात बसलाय. लेकीच्या हातातल्या अंड्यात तो ठिपका हलला. ती किंचाळली, मी किंचाळले, नवरा धावत आला, त्याला वाटलं पाल आहे.

सात अंड्यांत हेच दिसलं. दोन अगदी स्वच्छ, नुसता पिवळा बलक तरंगतोय. एकात तंतू नाहीत, फक्त एक लाल कडं. ते काय?

---

पाणवठा | ७ जुलै, सकाळी ८:३०

पहिल्यांदाच लिहितेय. पशुवैद्यक आहे, ऐरोलीत राहते.

लाल कडं म्हणजे गर्भ धरला होता पण मेला, रक्त कडेला गोळा झालं. स्वच्छ दोन फळलेलीच नव्हती. तिन्ही आज काढा. या उष्णतेत अंडं आत सडून वायू धरतं, फुटलं तर यंत्रातली बाकीचीही हातची जातात. वास तर आठवडाभर जात नाही, तो मी अनुभवलाय. दहातली सात म्हणजे लोकलने आणलेल्या अंड्यांसाठी छानच.

---

रानजाई | १२ जुलै, रात्री ९:००

उरलेल्या सातांचं सुरुवातीचं वजन ४७८ होतं. आज, चौदाव्या दिवशी, ४४८. ओहम?

---

ओहमचा_नियम | १२ जुलै, रात्री ९:२०

सव्वासहा टक्के. सात हवे होते, पण गाडी रुळावर आलीय. पन्हळी कोरड्याच राहू द्या.

---

रानजाई | १४ जुलै, रात्री १:५०

लाईट गेलीय!! साडेबाराला गेली. यंत्र ३३ वर उतरलंय. सोसायटीचा जनरेटर फक्त लिफ्ट आणि पंपाला. कोणी जागं आहे का?

---

पाणवठा | १४ जुलै, रात्री १:५८

जागी आहे. झाकण अजिबात उघडू नका. यंत्रावर जाड गोधडी टाका, हवेची भोकं मात्र मोकळी ठेवा. गॅसवर पाणी गरम करून दोन बाटल्यांत भरा, फडक्यात गुंडाळून यंत्राच्या बाहेरून टेकवा. हात लावून सोसवेल एवढंच गरम. सोळाव्या दिवशी पिल्लं स्वतःही थोडी ऊब निर्माण करतात.

---

रानजाई | १४ जुलै, सकाळी ६:३०

पावणेपाचला आली. सगळ्यात खाली ३१ गेलं होतं. बाटल्या चार वेळा बदलल्या. आता टॉर्चवर पाहिलं, सातही हलताहेत. आज ऑफिसला दांडी.

---

शेरेबहाद्दर | १४ जुलै, सकाळी ९:१५

मी गटारीचं वाक्य मागे घेतो. रात्री दोन वाजता बाटल्या बदलणाऱ्या बाईशी वैर नको.

---

रानजाई | २३ जुलै, सकाळी ८:००

पंचविसावा दिवस. वजन ४२१, म्हणजे बारा टक्के गेले. फिरवणं बंद, गार करणं बंद. तळाला जाळीदार रबरी मॅट अंथरली. आता पन्हळी भरल्यात. मापकावर ६२, म्हणजे खरे ७०. यापुढे झाकण उघडायचं नाही, हे लेकीने कागदावर लिहून चिकटवलंय. खाली कवटीचं चित्र.

---

निळीशाई | २३ जुलै, दुपारी १:२०

रोज येऊन बघतेय हो. मी तर नको म्हणणारी होते.

---

रानजाई | २५ जुलै, सकाळी ७:४५

श्रावणाचा पहिला दिवस आणि तीन नंबरच्या अंड्याला तडा! आतून टिचक्या मारल्यासारखा आवाज येतोय. आणि बोलतंयही. अंड्यातून चिवचिव. मी शिट्टी वाजवली की उत्तर देतं.

---

पाणवठा | २५ जुलै, सकाळी ९:१०

आता सगळ्यात अवघड काम: काही न करणं. कोंबडीचं पिल्लू तडा गेल्यावर बहुधा दिवसभरात बाहेर येतं. बदकाला २४ ते ४८ तास लागतात. या काळात ते फुप्फुसाने श्वास घ्यायला शिकतं, कवचाखालच्या पातळ पटलातल्या रक्तवाहिन्यांतलं रक्त आत ओढून घेतं आणि बलकाची पिशवी पोटात घेतं. तुम्ही कवच सोलून "मदत" केलीत तर यातलं काहीतरी अर्धवट राहतं. लोकांच्या हातून सर्वाधिक पिल्लं इथेच मरतात, आणि मायेपोटी मरतात.

---

रानजाई | २६ जुलै, रात्री १०:३०

पाच बाहेर!

पहिलं पहाटे ४ ला. कवचाला गोल कापत आलं, डब्याचं झाकण उघडावं तसं, आणि ओल्या पायमोज्यासारखं बाहेर पडलं. दोन तासांनी तोच पायमोजा पिवळट-तपकिरी कापसाचा गोळा झाला होता.

पण सहा नंबरची काळजी आहे. त्याने चोच निमुळत्या टोकाकडून काढलीय, पोकळीच्या उलट बाजूने. काल रात्री ११ ला भोक पडलं, त्यानंतर पुढे काही नाही. पटल तपकिरी, सुकल्यासारखं दिसतंय. चोच हलतेय.

---

पाणवठा | २६ जुलै, रात्री १०:४५

उलट्या बाजूच्या पिल्लाला कधी कधी हात द्यावा लागतो. हात स्वच्छ धुवा. खोली बंद, पंखा बंद. भोकाच्या कडेचं कवच नखाएवढं काढा. पटलाला कोमट पाण्यात बुडवलेला कापूस लावा, चोचीच्या भोकांत पाणी जाऊ देऊ नका. ओलं झालं की पटल पारदर्शक होतं, मग रक्तवाहिन्या दिसतात का बघा. लाल रेषा दिसल्या की हात मागे. यंत्रात परत ठेवा, सहा तासांनी पुन्हा बघा.

---

रानजाई | २७ जुलै, सकाळी ७:२०

रेषा दिसल्या. रक्ताचा एक थेंबही आला. माझे हातच गार पडले. लगेच परत ठेवलं. पहाटे पाचला पुन्हा पाहिलं तेव्हा रेषा नव्हत्या. चोचीभोवतीचं थोडं मोकळं केलं. बाकी त्याने स्वतःच लाथा मारून काढलं. इतरांपेक्षा लहान आहे, मान जरा वाकडी वाटते, पण ओरडण्यात पहिला नंबर.

सातव्या अंड्यात हालचाल नाही.

---

पाणवठा | २७ जुलै, सकाळी १०:००

सातव्याला आणखी दोन-तीन दिवस द्या.

बाकीच्यांसाठी: पहिला आठवडा ३२-३३ अंश ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. खाली वर्तमानपत्र नको, घसरून पाय फाकतात ते कायमचे. रबरी मॅट किंवा जुना टॉवेल. कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर खाद्य चालेल, पण बदकाच्या पिल्लांना नायसिन, म्हणजे ब३ जीवनसत्त्व जास्त लागतं. ते कमी पडलं की आठवड्या-दोन आठवड्यांत पाय लुळे पडतात. खाद्यावर ब्रूअर्स यीस्ट भुरभुरवा, उकडून कुस्करलेले मटार द्या. पाणी इतकं खोल की चोचीवरची भोकं बुडतील, पण पिल्लू बुडणार नाही. नाकपुड्या धुवायला त्यांना ते लागतंच.

पोहायला सोडायची घाई नको. आईच्या पोटाखाली वाढलेल्या पिल्लांच्या पिसांना तिच्या अंगचं तेल लागतं. यंत्रातल्यांना ते मिळत नाही, भिजून गारठतात. आणि लेकीला सांगा, पापे घेणं बंद, हात साबणाने. बदकांकडून साल्मोनेला येतो.

---

रानजाई | ३० जुलै, रात्री ९:१५

सातवं आज उघडलं. पिल्लू पूर्ण वाढलेलं होतं, पिसं, नखं, सगळं. बलक पोटाबाहेरच राहिलेला. लेकीने गॅलरीतल्या तुळशीशेजारच्या कुंडीत पुरलं. फार बोलली नाही.

सहा नंबरही ठीक. यीस्टने की कशाने कोण जाणे, मान सरळ होतेय. सगळी माझ्या केशरी चपलांमागे फिरतात. मी चपला काढल्या की चपलांजवळ बसतात. म्हणजे आई मी नाही, चपला आहेत!

---

निळीशाई | ३० जुलै, रात्री ९:४०

प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लॉरेन्झच्या मागे हंसाची पिल्लं अशीच चालायची. त्या अभ्यासासाठी त्याला १९७३ चं नोबेल विभागून मिळालं. तुमच्या चपलांना निदान फोटो तरी मिळू द्या, टाका इथे.

---

पामबीच_पायी | २ ऑगस्ट, सकाळी ८:२५

धागा वाचून उत्साह आला. नेरूळला तळ्याकाठच्या गवतात अडई बदकाचं घरटं दिसलंय, नऊ अंडी आहेत. दोन आणून उबवू का?

---

पाणवठा | २ ऑगस्ट, सकाळी ८:४०

हात लावू नका. अडई रानपक्षी आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिची अंडी उचलणं गुन्हा आहे. शिवाय तिथे उबवणारी आई हजर आहे. फोटोसाठीही जवळ जाऊ नका, तुमच्या मागोमाग कावळे येतात.

---

रानजाई | २४ ऑगस्ट, रात्री ८:५०

आज सहाही जणांना उरणला पोचवलं. या वेळी लोकल नाही, टेंपो. गॅलरी तीन वेळा धुतली तरी वास आहे. निळीशाई, तुम्ही बरोबर होतात, दुप्पट नाही, चौपट घाण.

मावशीने टाकीत सोडली. पाच सरळ उतरली. सहा नंबर काठावर उभं राहून माझ्या पायांकडे बघत होतं, मग मी चपला टाकीच्या पलीकडे नेऊन ठेवल्या. पोहत गेलं. चपला तिथेच राहिल्या, मावशीच्या जुन्या स्लिपर घालून घरी आले.

---

नवाच_आहे | ९ सप्टेंबर, रात्री ११:१०

नमस्कार, धागा जुना आहे पण विचारतो. कळव्याला राहतो. तोंडावर लाल गाठी असणारी मोठी बदकं असतात ना, त्यांची सहा अंडी यंत्रात आहेत. आज २९ दिवस झाले, तडा नाही, काही नाही. घरचे टाकून दे म्हणताहेत. टाकू का?

---

रानजाई | ९ सप्टेंबर, रात्री ११:१४

टाकू नका!! ती मस्कोव्ही आहेत, त्यांना ३५ दिवस लागतात. पाण्याच्या पन्हळी भरल्या असतील तर आधी त्या कोरड्या करा, आणि फिरवणं बंद केलं असेल तर ३२ व्या दिवसापर्यंत परत सुरू करा. वजन करताय का?